इतिहासाच्या जोडीला

"इतिहास घे खुशाल, पण जोडीला राज्यशास्त्र कशाला? राजकारण तर घरात फुकट शिकायला मिळतंय," असं नगरसेवकांनी लेकीला बजावलं होतं. पण पोरगी हट्टाला पेटली आणि विद्यापीठात दोन्ही विषय एकत्र शिकूनच घरी परतली.

आता निवडणूक तोंडावर आली होती. नगरसेवक आरशासमोर भाषण घोकत होते, "या खेपेला पूल होणार म्हणजे होणारच!"

"बाबा, मागच्या तिन्ही निवडणुकांत तुम्ही हेच बोललात."

ते गालातल्या गालात हसले. "लोकांच्या कुठं लक्षात राहतं? आणि आठवण करून द्यायला माझ्यासमोर उभं राहायची हिंमत आहे कुणाची?"

तिनं त्यांची दुमडलेली कॉलर सरळ केली.

"माझी आहे, बाबा. उद्या अर्ज भरतेय."