प्लास्टिकचा मणका

मलेशियातल्या इपोहच्या आमच्या इस्पितळात हाडांची घनता मोजणारं नवं यंत्र आलं. त्याची जुन्या यंत्राशी तुलना करायचं काम काक सादियाकडे, म्हणजे सादियाताईकडे, आणि माझ्याकडे होतं. प्लास्टिकचा एकच मणका दोन्ही यंत्रांत ठेवायचा आणि आकडे जुळतात का ते बघायचं.

जुन्या यंत्रात नुसता मणका दिसला.

नव्याचं चित्र इतकं रेखीव होतं, की आम्ही बघतच राहिलो. मणक्याला नाजूक फासळ्या होत्या. भोवती स्नायू वेगळे, चरबी वेगळी.

"अगं, काय देखणं यंत्र आहे!" काक सादिया म्हणाली. मग तिचा आवाज उतरला. "पण टेबलावर मणकाच ठेवलायस ना तू?"

मी वळून पाहिलं. "तेवढाच आहे, काक."

आम्ही पुन्हा चित्र घेतलं. या वेळी फासळ्या पुसट आल्या. रोगी हलला की चित्र असंच बिघडतं.

काक सादिया सवयीने बोलून गेली, म्हाताऱ्या रोग्यांशी 'पाकचिक', म्हणजे काका, म्हणत बोलायची तशीच, "हलू नका हं, पाकचिक. झालंच आता."

तिसरं चित्र लख्ख आलं. श्वास रोखून धरावा, तशी छाती भरलेली होती.