लाल खुणेचं पुडकं

कचऱ्याची गाडी यायच्या आधी नवरा रोज दोन्ही डबे तपासायचा. ओला वेगळा, सुका वेगळा, काडीने उकरून उकरून. "माझ्या घरातून काय बाहेर जातं ते मला कळलं पाहिजे," म्हणायचा. फक्त वापरलेल्या पॅडांच्या, लाल खूण केलेल्या कागदी पुडक्याला तो हात लावत नसे. त्याची त्याला किळस यायची.

आज मात्र त्याने ते पायाने ढकललं. "हे मागच्या आठवड्यातही होतं. किती दिवस चाललंय तुझं?"

पुडकं उचलून त्याच्यासमोर धरत ती म्हणाली, "थांबतच नाहीये हो. उघडून दाखवू?"

"शी! घाण नुसती. ने ते बाहेर!" तोंड वाकडं करून तो आत गेला.

दारात कचरेवाली मावशी उभी होती. तिने पुडकं आपल्या पिशवीत ठेवलं, डबे रिकामे केले आणि परत देताना हलकेच म्हणाली, "पोरीचे कपडे, तुझे कागद, आजचं धरून सगळं माझ्या घरी पोचलं गं. आता तुम्ही दोघीच राहिलात."