पराभव पुसणारी टोपी

"पोरीचा पराभव पुसू नका. त्याच्यासोबत आणखी काय जाईल, सांगता येत नाही," असं शेजारच्या काळमेघ काकू म्हणाल्या होत्या. काकूंना नव्याची भीतीच फार, म्हणून प्राचीने ते सोडून दिलं. तिच्या लेकीच्या तिरंदाजीच्या वर्गातल्या मुली हरल्या, की वर्गातून मिळालेली पराभव पुसणारी टोपी घालून झोपत. सकाळी हरल्याची आठवण नसे, आणि बाण सोडताना हातही कापत नसे.

आज दुपारी दारात आफरीन आली, शेवयांचा डबा घेऊन.

"आई, ही कोण?" नऊ वर्षांच्या शर्वरीने विचारलं.

"नाटक पुरे गं," आफरीन हसली. शर्वरी हसली नाही.

वर्षभर शर्वरी हरली, की रडताना तिला कुशीत घ्यायला आफरीनच असायची. दोघींची मैत्री तिथेच वाढली होती. टोपीने एकेक हार पुसली, आणि काल रात्री उरलीसुरली आफरीनही पुसून टाकली.

प्राचीने तिरंदाजी शिकवणाऱ्या गावंडे सरांना फोन लावला.

"ताई, आज सकाळी तिचे सगळे बाण मधल्या पिवळ्या वर्तुळात बसले," सर खुशीत होते. "मैत्रिणी काय, पुन्हा होतात."

"माझ्या पोरीचं डोकं म्हणजे तुमची पाटी आहे का, सर? वाटेल तेव्हा फडकं मारायला?"

तिने फोन आपटला आणि टोपी कात्रीने कापून टाकली. आफरीन अजून उंबऱ्यातच होती. "आंटी, मी जाऊ?" तिने हळूच विचारलं.

तुमच्याही घरात ही टोपी असेल, तर आत्ता उठा आणि लेकराला विचारा, हरल्यावर तुझ्याजवळ कोण बसलं होतं?