चव्वेचाळीस नंबरचे बूट

राजवट कोसळली आणि वकील नझीह तुरुंगातून सुटला. तो पुन्हा कोर्टात उभा राहणार होता, म्हणून बायको रबाब त्याला अलेप्पोच्या बाजारात बूट निवडायला घेऊन आली. जुना कोट शिंप्यानं आत घेतला होता; तळव्यांवरच्या फटक्यांनी पसरलेले पाय कोण आत घेणार? "वकीलसाहेब, बेचाळीसच ना?" ओळखीच्या दुकानदारानं विचारलं. "आता चव्वेचाळीस काढा, काका," रबाब हळूच म्हणाली. नझीहनं काळे बूट चढवले. शेजारी बसलेलं गिऱ्हाईक आपुलकीनं म्हणालं, "भाऊ, डोळे मिटून चार पावलं चाला. कुठं चावतो ते लगेच कळतं." नझीह थिजला. डोळ्यांवर पट्टी बांधलेली असताना तळघरात रोज हाच आवाज फटके मोजायचा. रबाब त्या माणसाचे आभार मानत होती. नझीहनं वळून तो चेहरा पहिल्यांदाच पाहिला आणि विचारलं, "आपलं पूर्ण नाव?"