उंच टाच

“एक नंबर मोठाच दाखवा,” आई दुकानदाराला म्हणाली. “वाढतं वय आहे.”

मामा हसला. “ताई, हा शाळेचा बूट नाही. पाय आत जरा हलला, की डोक्यावरचं वजन डुलतं. टाच गच्च बसायला हवी, बोटं तेवढी आखडायला नकोत.”

“बरं बाबा. तुझं तू जाण.”

भाचीला वेटलिफ्टिंग शिकवणारा मामाच होता. परवा निवड चाचणी होती. निवड झाली तर क्रीडा वसतिगृहात राहणं, खाणं, शिक्षण, सगळंच मार्गी लागणार होतं. जुन्या बुटांचा तळ उकलला, म्हणून तिघं आज दुकानात आली होती.

आईने फळीवरून एक बूट उचलला, अंगठ्याने तळ दाबला. “हा घ्या की. कसा लोण्यासारखा आहे.”

“गादीवर उभी राहून सिलिंडर उचलशील का?” मामा म्हणाला. लेक फिसकन हसली. आईलाही हसू आलं.

दुकानदाराने दोन जोड पुढे ठेवले. दोन्हींचा तळ लाकडासारखा कडक, वरून रुंद पट्टा. एकाची टाच अर्धा इंच, दुसऱ्याची इंचभर.

“उंचवाला,” लेक म्हणाली.

“उंचवालाच,” मामा म्हणाला.

आईने दोघांकडे पाहिलं. एरवी ही दोघं पाण्याच्या बाटलीच्या रंगावरूनही भांडायची.

“आधी बुटका घालून बघ.”

“कशाला गं?”

“घाल म्हटलं ना.”

लेकीने बूट घातले. डावा चढवताना तिने ओठ दाताखाली धरला. मामाने कोपऱ्यातली काठी तिच्या हातात दिली. दोन्ही हातांनी काठी डोक्यावर धरून ती बैठकीत सावकाश खाली जाऊ लागली. अर्ध्यावर डावी टाच जमिनीवरून सुटली, काठी पुढे कलली.

आई कपडे शिवायची. माप देताना कुणी एका पायावर भार टाकला, तरी तिला टेप न लावता कळायचं.

“दुखतंय?”

“छे! टाच बुटकी आहे ना, म्हणून.”

“मग उंच घाल.”

उंच टाचेत लेक खाली गेली ती थेट तळापर्यंत. पाठ ताठ, काठी सरळ, पाय जसे जमिनीतून उगवलेले. “बघ आई, हलतंय का काही?” तिचा चेहरा दिवा लावल्यासारखा उजळला होता. आईला वाटलं, आता काही विचारूच नये.

पण ती म्हणाली, “आता अनवाणी बस.”

“ताई, अनवाणी कोण वजन उचलतं?” मामा घाईघाईने म्हणाला.

“मी तिच्याशी बोलतेय.”

लेकीने बूट काढले. मोज्याशी हात अडला. मग मोजाही निघाला. आत घोट्याला पट्टी होती आणि पट्टीच्या वर-खाली जांभळट सूज. पट्टी इतकी सफाईने गुंडाळलेली, की तो पोरीचा हात नव्हता. आईने भावाकडे पाहिलं. तो फळीवरचे कमरपट्टे बघू लागला.

हा पाय तिने तेल लावून चोळलेला, पहिल्या पावलाला बोट धरून चालवलेला, काटा रुतला तर दाताने उपसलेला. आणि त्याच पायाचं दुखणं तिच्यापासून असं घडी घालून लपवलेलं.

“परवापुरतंच, ताई,” मामा तिच्याकडे न बघता म्हणाला. “टाच उंच असली की घोटा फार वाकवावा लागत नाही. कुणाच्या लक्षातही येणार नाही. एकदा निवड होऊ दे, मग हवा तेवढा आराम.”

“आणि परवा वजनाखाली मोडला म्हणजे?”



“मीच त्याला सांगू नको म्हटलं,” लेक म्हणाली. “तू थांबवलं असतंस.”

“थांबवलंच असतं.”

“पुढच्या वर्षी माझं वय बसत नाही, आई. ही शेवटची चाचणी आहे. उंच टाचेत जमतं ना गं. आत्ता तूच बघितलंस!”

“बघितलं. पण बूट घरी येऊन काढशील ना, बाळा? मग कशावर उभी राहशील?”

लेकीने हट्टाने काठी उचलली आणि अनवाणी पायांनी बैठकीत जाऊ लागली. डावी टाच पुन्हा सुटली. काठी थरथरली. मामा धावला, पण आईने त्याला हाताने मागे सारलं. ती फरशीवर बसली आणि लेकीच्या टाचेखाली आपला तळहात सरकवला.

टाच तळहातावर टेकली. काठी सरळ झाली.

पोरीचा भार वरून उतरत होता, खाली गार फरशी. मधे आईची बोटं चेंगरत होती. तिने हात काढला नाही.

“मग कुठला जोड बांधू?” दुकानदाराने हळूच विचारलं. मामाने खाली मान घातली.

“ऊठ आता, बाळा,” आई म्हणाली.

“थांब ना गं,” काठी तशीच डोक्यावर धरून लेक म्हणाली. “अजून थोडं.”