एकच सूर

"तुमचे भाऊ सनईतून शंभर राग काढतात, आणि तुम्ही जन्मभर एकच सूर!" द्वारकाबाई नवऱ्याला लग्नापासून सुनावत आल्या होत्या. एका जागी टिकून राहणं हा धोंडिबाचा धंदाच होता. सनईच्या तोंडाची ताडाच्या पानांची जिव्हाळी ओठांत धरून, नाकाने श्वास घेत आणि गालांतली हवा सोडत, तो थोरल्या भावामागे बसून त्याच्या रागांना आधाराचा एकच सूर अखंड धरून ठेवायचा.

लेकीच्या लग्नात मात्र वधूपिता म्हणून त्याला फेटा बांधून मिरवायला बसवलं आणि सुरासाठी विजेवरची पेटी ठेवली. ऐन पाठवणीला वीज गेली. भावाची सनई एकटी पडली, भरकटली. धोंडिबाने आपली सनई उचलली.

"अहो, नको!" द्वारकाबाई कुजबुजल्या. "रडू आलं की नाक बंद होईल. सूर तुटला तर पोरीला अपशकून!"

लेक पाया पडायला वाकली आणि त्याच्या गुडघ्यांना मिठी मारून हमसाहमशी रडली. धोंडिबाचे डोळे वाहू लागले. पाणी फुगलेल्या गालांवरून पार जिव्हाळीपर्यंत ओघळलं. सूर तसूभर हलला नाही. द्वारकाबाई रडायचं विसरून बघत राहिल्या.

गाडी वळणाआड गेली. भावाने सनई खाली ठेवली, तरी सूर चालूच होता. द्वारकाबाईंनी नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"पुरे आता. पोचला तिच्यापर्यंत."

तेव्हा कुठे धोंडिबाने सनई मांडीवर ठेवली, आणि मग नाक बंद होईपर्यंत तो रडला.