जॅकेटवाला

साहेबांनी पक्षपात केला. सरळ, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, वर हसत हसत. जॅकेट आलं एकच, आणि ते चढवलं लंबूच्या अंगावर. दोन वर्षांपूर्वी कामाला लागलेल्या लंबूच्या! आणि ज्याने अकरा हिवाळे गाडीवर काढले, त्याने काय करायचं? टाळ्या वाजवायच्या. वाजवल्याही त्याने.

टपरीच्या पत्र्याखाली पाऊस थांबायची वाट बघत तो हेच उगाळत होता. हिवाळ्यातला पाऊस. अंगावर पडत नाही, अंगात शिरतो.

दोघांचं काम एकच. लांबलांबच्या दवाखान्यांतून रक्ताचे नमुने डब्यात घ्यायचे आणि मोटारसायकलवरून प्रयोगशाळेत पोचवायचे. त्या डब्याचा थाट बघावा. आतून जाड अस्तर, बाहेरून रबर, वर घट्ट पट्टा. बाटलीतल्या रक्ताला वारा लागता कामा नये. माणसाच्या अंगातलं गोठलं तर गोठू दे, त्याची तपासणी कोण करतंय? तो स्वेटरखाली जुनं वर्तमानपत्र खुपसायचा, मोज्यांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवायचा. तरी घरी पोचल्यावर शर्टाची बटणं बायकोलाच काढायला लागायची.

"जॅकेट, जॅकेट, जॅकेट!" ती एकदा वैतागली. "एवढंच असेल तर त्याच्याशीच संसार थाटा."

त्याला हसू आलं नाही. लालभडक, फुगीर, गळ्यापर्यंत चेन. डोळे मिटले तरी तेच दिसायचं.

त्याहून जास्त झोंबायचं ते वेगळंच. पाऊस आला की तो इथे टपरीवर थांबायचा. लंबू कधीच थांबला नाही. मान ताठ, नजर समोर, इकडे ढुंकूनही न बघता भुर्रकन निघून जायचा.

"बघा, राजे चालले," तो टपरीवाल्याला म्हणायचा. "पावसाची हिंमत नाही त्यांना शिवायची."

"तुमचं का जळतंय?"

"माझं? अहो, जळायला आधी कोरडं असावं लागतं."

आजही वळणावर तो लाल ठिपका दिसला. पण आज सावकाश येत होता. गाडी डुलत होती. टपरीसमोर लंबूने ब्रेक दाबला, गाडी थांबली, आणि त्याचा पाय खाली आलाच नाही. गाडी हळूच आडवी झाली आणि तिच्याबरोबर लंबूही. खरं सांगायचं तर त्याला आधी हसू फुटलं. ऊब जास्त झाली वाटतं! मग लंबू उठेना, तेव्हा तो धावला.

टपरीवाल्याने आणि त्याने मिळून लंबूला ओढत आत आणलं. एवढा सडपातळ माणूस, पण उचलता उचलेना. विहिरीतून भिजलेली गादी ओढावी तसं ते जॅकेट जड झालं होतं. लंबूचे दात वाजत होते.

"डबा... आधी डबा..."

"गप रे!" म्हणत त्याने चेन खाली ओढली. आतून पाण्याची धार लागली. जॅकेटमधला कापूस पिऊन पिऊन टम्म झाला होता. त्याच्याखाली वर्तमानपत्राचा लगदा. त्याखाली खडूसारखी पांढरी छाती, आणि तिच्यावर उमटलेल्या उलट्या अक्षरांतल्या बातम्या.

"अरे, हे तर गळतंय!"

"पहिल्या पावसापासून."

"मग थांबायचं ना इथे! मी काय खाणार होतो तुला?"

"थांबता येत नाही, दादा. सही घेतलीय माझी. जॅकेटवाल्याने पावसात थांबायचं नाही. थांबला की गैरहजेरी."

"मग त्यांच्या तोंडावर फेकायचंस!"

लंबूने दोन्ही हात स्टोव्हवर धरले.

"गेलो होतो परत करायला. साहेब म्हणाले, बरं, तो दुसरा झुरतोच आहे याच्यासाठी, त्याच्या अंगात घालू. तुमचा खोकला रोज ऐकतो मी, दादा. म्हटलं, राहू दे साहेब. चांगलं ऊबदार आहे."



त्याने आपला स्वेटर काढून लंबूच्या डोक्यातून घातला, चहाचा ग्लास त्याच्या दोन्ही हातांत दाबून धरला. मग अंगात घालायला दुसरं काही उरलं नव्हतं, म्हणून त्याने ते जॅकेट घातलं. दोन महिने ज्यासाठी झुरला ते. दोन्ही डबे मागे बांधले आणि निघाला. पहिल्याच किलोमीटरला पाणी खांद्यातून आत आलं. पुढे ते मांडीवर साचलं. दहाव्या किलोमीटरला ब्रेकवर आपली बोटं आहेत की नाहीत, हे त्याला वाकून बघावं लागलं. वाटेत आडोसे बरेच होते. तो कुठेच थांबला नाही. लंबू कसा जात होता ते त्याला एकदा पुरतं कळायला हवं होतं.

डबे खिडकीत दिले. मग तो सरळ साहेबांच्या खोलीत शिरला. तिथे हीटर चालू होता. त्याने जॅकेट काढून टेबलावर ठेवलं, फायलींवर. पाणी काचेवरून ओघळत साहेबांच्या मांडीवर गेलं.

साहेब दचकले, पण लगेच सावरले. पुन्हा तेच हसू.

"अरे, हवं होतं ना तुला? घेऊन जा. आजपासून तुझं."

"साहेब, माझी गाडी दारात चालूच आहे, आणि पाऊसही आहे," तो म्हणाला. ओठ बधिर झाले होते, शब्द एकेक करून काढावा लागत होता. "हे अंगात घाला आणि टपरीपर्यंत जाऊन या. न थांबता. ते नसेल जमत तर एवढंच सांगा. हे गळतं म्हणून लंबू परत द्यायला आला, तेव्हा तुमच्या तोंडात माझं नाव का आलं?"